खेड्यातून तालुक्याला रोज ११ किलोमीटर: मोटरसायकल सोडून सायकल धरावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून तालुक्याच्या गावी रोज ११ किलोमीटर कामाला जाता. पुण्यातला मित्र सायकलनं ऑफिसला जातो आणि तुम्हालाही गाडी विकून गिअरची सायकल घे म्हणतो, ‘काळी सायकल आता दूधवाल्यानंच चालवावी’ म्हणतो. शहरात सायकलीचे जे फायदे-तोटे सांगतात, ते आपल्याकडे लागू पडतात का?

जा सायकलनं. ११ किलोमीटर हे सायकलीचंच अंतर आहे. पण गिअरची घेऊ नका, बिनगिअरची साधी काळीच घ्या. मित्राचं ते दूधवाल्याचं वाक्य मला झोंबलं आहे, म्हणून उत्तर लांबेल.

आधी शहराचं. शहरात पाच किलोमीटरला गाडीचाही अर्धा वेळ सिग्नलवर जातो, त्यामुळे सायकल वेळेत फारशी मागे पडत नाही, वर पार्किंग शोधावं लागत नाही. आपल्याकडे रस्ता मोकळा. गाडीनं तुम्ही २० मिनिटांत पोहोचत असाल, सायकलनं ३५ ते ४० मिनिटं लागतील. जाऊन-येऊन रोजची ३० ते ४० मिनिटं जास्त, आणि ती कोणत्याही सायकलनं वाचत नाहीत. पैशाचं म्हणाल तर रोजचे २२ किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज ६० आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला साडेअडतीस रुपये, २५ दिवसांचे साडेनऊशेच्या वर. वर्षाचे साडेअकरा हजार. ऑइल, चेनसेट, टायर वेगळे. एवढ्यात साधी नवी सायकल येऊन वर्षाच्या दुरुस्तीचे पैसेही उरतात.

आता पंक्चर, कारण सायकल सोडणारे नव्वद टक्के लोक पंक्चरनं कंटाळून सोडतात. हे माझं सायकलच्या दुकानात बसून झालेलं मत आहे. आपल्याकडे दोन काटे. एक सराटा, म्हणजे गोखरू. पावसाळ्यात डांबराच्या कडेला पसरतो, पाऊस संपला की फळं वाळून कडक होतात. मागून ट्रक आला की सायकलवाला डांबर सोडून खाली उतरतो आणि नेमका त्यावरच जातो. सराट्याचा काटा आखूड, त्यामुळे भोक बारीक आणि हवा हळूहळू जाते. दुसरा बाभळीचा. तो लांब, टायर आरपार करतो, आणि त्याचा खरा त्रास असा की बाहेरचा भाग मोडून पडतो आणि टोक टायरमध्येच राहतं.

एक गिअरची सायकल आमच्याकडे आठ दिवसांत तिसऱ्यांदा पंक्चर होऊन आली, आधीची दोन पंक्चरं दुसरीकडे काढलेली. मालक म्हणाला, ट्यूबच खराब आहे, बदला. ट्यूब बाहेर काढली तर दोन जुने पॅच आणि नवं भोक, तिन्ही वॉल्वपासून एक वितीच्या आत, एका रांगेत. एवढं दिसलं की ट्यूबला हातही लावू नये, दोष टायरचा. ट्यूब टायरवर जशी बसली होती तशी धरायची, वॉल्व वॉल्वच्या जागी, आणि भोकासमोरची टायरची जागा खडूनं आखायची. तिथं आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही. लागणारही नाही, कारण टोक रबरात बुडालेलं असतं आणि माणूस सीटवर बसून टायर दबला की मगच ते आत डोकावतं. अशा वेळी चिमूटभर कापूस घ्यायचा. सरकी काढलेला, मोकळा. टायर आतून उलटा करून जरा वाकवायचा आणि कापूस दोन्ही दिशांनी हलका फिरवायचा. बोटाला न कळणारं टोक कापसाचा एक तंतू पकडतं आणि पांढरा धागा तिथं उभा राहतो. तो तसाच उभा राहिला. दाभणानं टोक बाहेरच्या बाजूला ढकललं, पकडीनं ओढलं, बाभळीचं दोन-तीन मिलिमीटरचं काळं टोक निघालं. कापसाच्या मुलखात राहून पंक्चरवाले कापूस वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

पंक्चर काढायला स्वतः शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. चाक खोलायची गरज नाही, टायरची एक बाजू उतरवून ट्यूब ओढता येते. पण त्याआधी वॉल्वच्या तोंडावर थुंकी लावून पाहा. बुडबुडा आला तर पंक्चर नाही, वालट्यूब गेली. वॉल्ववरची ती बारीक रबरी नळी उन्हानं चिरते, खिशात चार बोटं लांबीचा तुकडा असला की काम झालं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन लांबट भोकं दिसली तर तो काटा नव्हे, हवा कमी असताना खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली आहे. हवा भरा, काटा शोधत बसू नका. पॅच लावताना जागा पॉलिश पेपरनं खरखरीत होईपर्यंत घासायची, सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा थोडा मोठा लावायचा आणि मग थांबायचं. चार-पाच मिनिटं. चकाकी गेली, बोटाची मागची बाजू लावली तर चिकटली नाही, की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच दिसायला बसतो, पण सायकल दुपारभर उन्हात उभी राहिली की कडेनं उचलतो. मग लोक म्हणतात उन्हानं हवा फुगून ट्यूब फुटली. उन्हाळ्यात हवा कमी भरायचा सल्ला तर सोडूनच द्या. सकाळी २५ अंशांत ५० पौंड भरलेली हवा ४५ अंशांत ५४-५५ पौंड होते. एवढ्यानं चांगला टायर फुटत नाही. कमी हवेनं मात्र सायकल जड होते आणि रिम ट्यूब चिमटते.

सराट्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे जुनी ट्यूब आतल्या बाजूनं उभी चिरून, वॉल्वचा भाग कापून, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये पट्टीसारखी घालायची. पावडर टाकायची, नाहीतर पट्टी घासून घासून नव्या ट्यूबलाच खाते. लांब बाभळीला ती थांबवत नाही.

आता गिअर. काटा गिअर पाहून टोचत नाही, हे मान्य. पण २८ इंची टायर-ट्यूब आपल्याकडे फाट्यावरच्या दुकानातही मिळते, तुमच्या मित्राच्या सायकलीची अरुंद टायरची ट्यूब तालुक्यालाही मिळेल याची खात्री नाही. मागचा गिअर बदलणारा भाग एका पातळ पट्टीवर लटकलेला असतो. सायकल एकदा उजव्या कुशीवर पडली किंवा काळीपिवळी जीपच्या टपावर टाकून आणली की ती पट्टी वाकते, मग मोठ्या दात्यावर साखळी टाकताना तो भाग आऱ्यांत जातो आणि आरे तोडतो. काळ्या चिखलात तर तो भाग मातीच्या गोळ्यातच असतो. आणि सपाट रस्त्यावर सात गिअरांपैकी तुम्ही दोनच वापरणार.

त्या दोनपैकी एक साध्या सायकलीवर निवडून घेता येतो, आणि इथंच सगळे चुकतात. काळ्या सायकलीला पुढं ४४ दाते आणि मागं १८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, येतं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते, मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १९-२० किलोमीटर. सकाळी छान वाटतं, संध्याकाळी वाऱ्यासमोर मांड्या भरून येतात. मागं २० दात्यांचं फ्रीव्हील टाका. एका फेऱ्यात ४.९ मीटर, त्याच ६० फेऱ्यांत ताशी साडेसतरा. अकरा किलोमीटरला चार-पाच मिनिटं जास्त, पण गुडघे सुटतात. फ्रीव्हील मोठं झालं की साखळी कदाचित थोडी वाढवावी लागेल. मधोमध बोटानं दाबून अर्धा इंच खाली-वर हलली पाहिजे. साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग) भरल्या तर साखळी बदला, नाहीतर ती नव्या फ्रीव्हीलचे दातेही खाईल. आणि गाडीचं जळकं ऑइल साखळीला ओतू नका. धूळ त्यात बसून त्याचाच पॉलिश पेपर होतो. शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक कडीवर एक थेंब, मग फडक्यानं कोरडी पुसायची.

सीटची उंची टाचेनं मोजा. पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे सगळे दोन-तीन इंच खाली बसतात, पाय टेकावा म्हणून, आणि वर सायकलनं गुडघे दुखतात म्हणतात.

वारा मोजायला विसरू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतर वाढतो. तुमचं कामाचं ठिकाण गावाच्या पूर्वेला असेल तर परतीला तो तोंडावर. ताशी १५ च्या वाऱ्यासमोर तुम्ही १८ नं चाललात तर अंगावर ३३ चा वारा येतो. अशा दिवशी १२ नंच चाला, झुंजू नका.

ऊन हा खरा तोटा, आणि शहरातल्या सल्ल्यात तो नसतोच. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि यवतमाळही फार मागे नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत निघा, परत यायला उन्हं कलू द्या. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी सायकल नको म्हणजे नको. डोक्यावर ओला दुपट्टा, सोबत दोन लिटर पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजानं टाकू नका. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही. घाम येईनासा झाला, डोकं गरगरलं, बोलणं अडखळलं तर सायकल तिथंच टाकून सावली आणि दवाखाना.

पावसाळ्यात घर पांदणीच्या, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेच्या, आत असेल तर काळी माती मडगार्ड आणि टायरमध्ये बसून चाक जाम करते. हँडल ढकलून उपयोग नसतो, काडीनं खरवडत खरवडत जावं लागतं. सायकल फाट्यावरच्या ओळखीच्या घरी ठेवा आणि पांदण पायी तुडवा. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक धरतच नाही. थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका लावून रिम पुसून घ्यायची, मग दाबायचा. ब्रेकच्या बाबतीत गिअरच्या सायकली खरंच चांगल्या असतात, ॲल्युमिनियमची रिम पाण्यातही पकडते. हे मी माझ्या थोरल्या भावालाही कबूल केलं आहे. गेली कित्येक वर्षं तो म्हणतो, दुकानात गिअरच्या सायकली ठेव, जमाना बदलला. मी म्हणतो, चिखलदऱ्याच्या घाटात राहणारा गिऱ्हाईक आण, त्याला मी स्वतः गिअरची बसवून देतो. आपल्या सपाटीवर २० दात्यांच्या फ्रीव्हीलनं जे होतं त्यासाठी तिप्पट पैसे घ्यायला माझा हात धजत नाही.

दोन गोष्टी राहिल्या, त्या आधीच सांगायला हव्या होत्या. दसऱ्यानंतर जिनिंगकडे (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडे) जाणारे कापसाचे मेटॅडोर बाजूनं फुगलेले असतात, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. अंधार पडायच्या आत घरी या, नाहीतर मागं लाल दिवा लावा, नुसत्या रिफ्लेक्टरवर राहू नका. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं संध्याकाळी वावरातून एकदम रस्त्यावर येतात, आणि सायकलचा आवाज नसल्यानं ती बाजूला होत नाहीत. आणि तुमचा रस्ता वाघाच्या जंगलातून जात असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला तिथं सायकल नको.

दुसरी गोष्ट, गाडी विकू नका. घरी कुणी आजारी पडलं, युरियाचं ४५ किलोचं पोतं आणायचं झालं, तर सायकल कामाची नाही. विमा चालू ठेवा, आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर चालवून आणा, नाहीतर बॅटरी बसेल. सायकलही लगेच विकत घेऊ नका. कुणाची तरी काळी सायकल पंधरा दिवस मागून घ्या, हवा आणि सीट वर सांगितली तशी करा आणि येता-जाता दोन्ही वेळचा वारा पाहा. मग दुकानात गेल्यावर २० दात्यांचं फ्रीव्हील आधी बसवायला सांगा. १८ चं बसवून झालं की बदलायला कुणी परत येत नाही.