काच बसली, कीपर कुठे आहे?

(प्राणी-पक्ष्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पशुवैद्यक म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या डॉक्टरताई.)

प्रश्न : सुट्टीत मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. पेंग्विन आणि वाघ पाहून मुलं खूश झाली. पण जागोजागी पत्रे आणि हिरवी जाळी, 'काम चालू आहे'. नवे प्राणी येणार येणार असं आम्ही कधीपासून वाचतोय. एक पिंजरा बांधायला इतका वेळ का लागतो? की ही नुसती महापालिकेची दिरंगाई?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिरंगाई आहे, पण तुम्हाला वाटते तिथे नाही.

राणीची बाग १८६२ साली उघडली ती झाडांसाठी. प्राणी मागाहून आले. पन्नासेक एकरांच्या त्या जागेत शंभरी ओलांडलेली झाडं उभी आहेत आणि नवा पिंजरा त्यांना वाचवूनच बांधावा लागतो. हे बंधन मला मनापासून पटतं. भायखळ्यासारख्या वस्तीत पुन्हा अशी झाडं उभी राहणार नाहीत, तेव्हा एखादा प्राणी कमी आला तरी चालेल.

दुसरं म्हणजे, प्राणी असाच बाजारातून विकत आणता येत नाही. १९९२ पासून देशात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. पिंजऱ्याचा आराखडा त्यांच्याकडून मंजूर होतो, दोन संग्रहालयांमधली देवघेवही त्यांच्या परवानगीने होते. राणीच्या बागेत वाघ असेच आले. शक्ती आणि करिश्मा ही जोडी फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून मुंबईला आली. ती जेमतेम स्थिरावते तोच मार्चमध्ये बाग बंद झाली आणि उघडली थेट पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. त्या सगळ्या काळात तिकीटखिडकी बंद होती, पण मांस तोलून घालणं, पिंजरे धुणं, विष्ठा पाहून तब्येत ओळखणं एक दिवसही थांबलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये करिश्माला वीरा झाली तेव्हा फोटो सगळीकडे छापून आले. त्या जोडीला ज्यांनी बंदच्या काळात सांभाळलं, त्यांच्याबद्दल मात्र फार कुणी लिहिलं नाही.

आता पिंजऱ्याचं. बांधकाम संपलं की पिंजरा तयार झाला, असं ठेकेदाराला वाटतं. नव्या सिमेंटच्या हौदातलं पाणी चुन्यामुळे अल्कधर्मी, झोंबणारं होतं, ते पुन्हा पुन्हा भरून उपसावं लागतं. मातीत वेल्डिंगचे तुकडे, खिळे, तारेचे बारीक कपटे पडलेले असतात, त्यासाठी वीतन् वीत चुंबक फिरवायचं असतं. हरणाच्या पोटात गेलेली तार मी शवविच्छेदनात पाहिली आहे, म्हणून हे आग्रहाने सांगते. प्राण्याला काच दिसत नाही, तो धावत येऊन आपटतो. म्हणून पहिले काही दिवस काचेला साबणाचा किंवा चुन्याचा हात मारून ठेवतात आणि तो हळूहळू पुसत नेतात. यातला एकही दिवस वाया गेलेला नसतो. पत्र्यामागे 'काहीच चाललेलं नाही' असं वाटतं तेव्हा बहुधा हेच चाललेलं असतं.

खरी दिरंगाई माणसांच्या बाबतीत होते. पिंजऱ्याचा आराखडा मंजूर होतो त्याच दिवशी त्या पिंजऱ्याच्या कीपरची, म्हणजे प्राण्याची रोजची देखभाल करणाऱ्या माणसाची, जागा मंजूर व्हायला हवी, आणि प्राणी येण्याच्या निदान सहा महिने आधी तो माणूस कामावर हवा. असं होताना मी क्वचित पाहिलं. बांधकामाचा पैसा भांडवली खर्चातून एकदाच जातो आणि त्याची फीत कापता येते. कीपरचा पगार महसुली खर्चातून दरमहा जातो, त्याच्या निवृत्तीपर्यंत जातो. त्यामुळे अंदाजपत्रकात काच, कृत्रिम धबधबा, वातानुकूलन बसतं आणि माणूस बसत नाही. पुढल्या वेळी बागेत गेलात तर नवा प्राणी कोणता येणार हे जरूर विचारा, पण त्याच्याकडे कोण पाहणार आहे, तेही विचारा.

प्रश्न : डॉक्टर, मी एका शहराच्या प्राणिसंग्रहालयात ठेकेदाराकडे कीपर आहे. नाव आणि गाव छापू नका. दोन महिने पगार नाही. माझ्याकडे हरणं, कोल्ह्यांची जोडी आणि आता अस्वलंही दिली आहेत, कारण अस्वलांचे जुने कीपर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. वर्षभरात दोन साहेब बदलले. अस्वलांच्या नव्या पिंजऱ्याच्या उद्घाटनाची तारीख ठरली आहे आणि आठ दिवसांत अस्वलं हलवा असा तोंडी हुकूम आहे. आमची मुलं संप करू म्हणतात. पण आम्ही बाहेर बसलो तर जनावरांना पाणी कोण दाखवणार? मला दोन्हीकडून सुचत नाही.
– एक कीपर

उत्तर : अस्वलांपासून सुरुवात करते, कारण तारीख त्यांच्याच डोक्यावर आहे.

आठ दिवसांत होणार नाही. वाहतुकीचा पिंजरा आधी जुन्या जागेत, दार उघडं ठेवून, कित्येक दिवस पडून राहिला पाहिजे. रोजचं खाणं त्याच्या तोंडाशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीपाशी. अस्वल आपल्या पायांनी आत जाऊन निवांत खाऊ लागलं की एक दिवस दार पाडायचं, तेही पहाटेच्या गारव्यात. बेशुद्ध करून उचलणं हा शेवटचा उपाय आहे. ते करायचंच झालं तर पशुवैद्यकाच्या लेखी निर्णयाने, उद्घाटनाच्या तारखेसाठी नाही. नव्या जागेत त्याला आधी रात्रीच्या पिंजऱ्यात मुक्काम करू द्या. जुन्या जागेतलं गवत आणि लाकडाचे ओंडके सोबत न्या, स्वतःचा वास सापडला की अस्वल लवकर निवतं. मोकळ्या आवारात सोडण्याआधी प्रत्येक सांधा स्वतःच्या हाताने चाचपून पाहा. अस्वलाची नखं वारूळ फोडायला घडलेली आहेत. जाळीत बोटभर फट दिसली तर ते रात्रभर तिथेच काम करत बसेल.

आणि एकट्याने अजिबात नाही. एकाने दार पाडायचं, डोकी मोजायची, कुलूप लावायचं; दुसऱ्याने ते कुलूप ओढून पाहायचं आणि मगच आत पाऊल. मी नोकरीत होते तिथे एका कीपरला बिबट्याने खांद्यापासून कोपरापर्यंत फाडलं. त्या सकाळी दुसरा माणूस हरणांचा चारा उतरवायला पाठवला होता, एवढंच कारण. चौकशीत 'कीपरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. त्या कागदावर सही करायला मी नकार दिला होता आणि आजही दिला असता. तेव्हा तुम्ही लेखी द्या : दोन माणसांशिवाय अस्वलांच्या पिंजऱ्यात जाणार नाही, आणि अस्वल स्वतःहून वाहतुकीच्या पिंजऱ्यात जाईपर्यंत हलवता येणार नाही. तोंडी हुकमाला तोंडी उत्तर देऊ नका. रोजच्या अहवालाच्या वहीत तारीख घालून लिहा, पानाचा फोटो घरी ठेवा. साहेब बदलतात, वही राहते.

आता पगार. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. ठेकेदाराने दिला नाही तर ज्याच्यासाठी तुम्ही काम करता त्या मूळ मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. म्हणून अर्ज फक्त ठेकेदाराकडे करून थांबू नका. संग्रहालयाच्या प्रमुखांना द्या, पोच घ्या आणि एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या. त्याबरोबरच प्रत्येकाने आपल्या यूएएनवर, म्हणजे ठेकेदार बदलला तरी तोच राहणाऱ्या क्रमांकावर, भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडून पाहा. पगारातून कापलेला पैसा भरलेलाच नाही, हे पुष्कळांना ठेकेदार बदलल्यावर कळतं.

'कायम करतील का?' हे तुम्ही विचारलं नाही, पण ते मनात असणारच. आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली तसं स्पष्ट केलं आहे. कंत्राट हा केवळ देखावा होता आणि हुकूम मूळ मालकाचाच चालत होता, हे कामगारांनी सिद्ध करावं लागतं. ते अशक्यही नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी वर्षानुवर्षं लढून हेच सिद्ध केलं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. हजेरीचे कागद, ओळखपत्रं, कुणाच्या सहीने ड्यूटी लागत होती त्या याद्या, सगळं जपा. आणि सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१६ च्या जगजित सिंग निकालाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. ते ठेकेदाराच्या माणसाला कितपत लागू होतं, हे वकिलाकडून समजून घ्या. एकट्याने जाऊ नका, युनियन करून जा.

संपाबद्दल. तुमचा संप करण्याचा हक्क मला मान्य आहे, आणि दोन महिने पगार नसलेल्या माणसाला 'जनावरांचा विचार करा' असं सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. तो विचार तुम्ही सोडून कुणी केलेलाच नाही. पण नोटीस दिल्याशिवाय आणि १४ दिवस उलटल्याशिवाय बाहेर पडू नका, नाहीतर संपच बेकायदा ठरवून तुम्हाला काढतील. नोटिशीतच लिहा की खाणं, पाणी, औषधं आणि रात्रीच्या पिंजऱ्याची कुलपं यासाठी आमची तुकडी रोज आत येईल, बाकी काम बंद. कोण कोणत्या दिवशी, त्याची यादी जोडा. प्रेक्षकांसाठी बाग बंद राहिली तर प्राण्यांना विश्रांतीच मिळते. दाब पडायचा तो तिकीटखिडकीवर आणि उद्घाटनावर पडेल, हौदातल्या पाण्यावर नाही. संपाच्या दिवसांत कोणत्या प्राण्याने खाणं सोडलं, कुणाची विष्ठा पातळ झाली, हेही वहीत लिहीत राहा. उद्या एखादा प्राणी गेला तर पहिलं बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल.

पुढे काय झालं ते मला कळवा. ते पत्र छापणार नाही.

प्रश्न : मुंबईच्या दमट हवेत पेंग्विन ठेवणं हा पैशांचा आणि प्राण्यांचा छळ नाही का?
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फातले नाहीत, पण मुंबईत त्यांच्यासाठी १६ ते १८ अंशांचं तापमान आणि स्वच्छ थंड पाणी अखंड राखावं लागतं. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ आले, त्यातला एक त्याच ऑक्टोबरमध्ये दगावला. मार्च २०१७ मध्ये कक्ष उघडला. १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवड्याभरात गेलं, पुढे २०२१ मध्ये मात्र पिल्लं जगली. म्हणजे तिथल्या माणसांनी काम शिकून घेतलं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तरीही सुरुवात पेंग्विनने करायला नको होती, असं माझं मत आहे. आधी तरस, अस्वल, कोल्हा यांना धड जागा द्यायची, ते सांभाळताना माणसं तयार करायची आणि मग परदेशी पाहुण्याचा विचार करायचा. पेंग्विन आल्यावर तिकीट ५ रुपयांचं ५० झालं, त्याला माझा विरोध नाही. चौघांच्या कुटुंबाला १०० रुपयांत आत सोडतात, हे चांगलंच आहे. वाढलेल्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा कीपरच्या भरतीसाठी आणि प्रशिक्षणासाठी बांधून ठेवला, तर त्या पेंग्विनचे उपकार मीही मानेन.

प्रश्न : मध्यंतरी आमच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाची मान्यता गेली अशी बातमी आली, नंतर बाग चालूच राहिली. मान्यता जाते म्हणजे काय? आणि आता गोरेवाड्याचं नवं मोठं प्राणिसंग्रहालय असताना महाराजबाग हवीच कशाला?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पण प्राणी रातोरात जाणार कुठे? म्हणून निर्णयानंतर अपील, मुदत, सुधारणा असा रस्ता असतो. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची आणि औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानाची, अशा दोन्ही ठिकाणची मान्यता काढण्याचा निर्णय घेतला होता. दोन्ही भर शहरात, दोन्हीकडे जागा अपुरी. एक कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात, दुसरं महापालिकेच्या. म्हणजे ज्यांचं मुख्य काम निराळंच आहे अशा संस्थांकडे वाघ-बिबटे सोपवलेले. संग्रहालयाला पूर्णवेळ प्रमुख, पूर्णवेळ क्युरेटर (प्राण्यांची व्यवस्था पाहणारा अधिकारी) आणि पूर्णवेळ पशुवैद्यक हवा. 'अतिरिक्त कार्यभार' असलेला अधिकारी कितीही भला असला तरी रात्री दोन वाजता अडलेल्या हरिणीपाशी तो नसतो.

गोरेवाड्याची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. जागा मोठी आहे, शेजारी वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, मोठे मांसाहारी तिथेच असावेत. पण ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्या पोरांसाठी सीताबर्डीपासून चालत जाण्याजोगी महाराजबाग राहावी. मोजके प्राणी, मोठी आवारं आणि जखमी पक्ष्यांचा दवाखाना एवढं तिथे उत्तम चालू शकेल.

तुम्ही नागपूरकर एक करू शकता. प्राधिकरण आपल्या संकेतस्थळावर संग्रहालयांचे मूल्यमापन अहवाल ठेवतं, ते वाचा. मग १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा : कीपरची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि गेल्या पाच वर्षांत प्रमुख किती वेळा बदलले. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की त्याची प्रत मलाही पाठवा, पुढच्या अंकात आपण ती आकड्यांसकट छापू.