सलाईनचं चाक नातेवाईकांनी फिरवलं तर काय बिघडतं?

सलाईन फार हळू जात होतं म्हणून नळीवरचं चाक जरा सैल केलं, तर सिस्टर एवढ्या का ओरडल्या, असं तुम्ही विचारलंय. मीही अशीच ओरडले आहे, आणि तेही घरच्या माणसावर.

मी बेळगावात एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. माझ्या मावससासूबाई खानापूरहून जुलाबांनी पार गळून आल्या. रक्तातलं पोटॅशियम २.७ वर उतरलेलं, पाय उचलवत नव्हता. डॉक्टरांनी ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये केसीएलचा, म्हणजे पोटॅशियमच्या औषधाचा, एक अँप्यूल (छोटी कुपी) घालून चार तासांत द्यायला सांगितलं. आमच्या सलाईनच्या नळीला २० थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. घड्याळ धरून मोजून लावले, बाटलीवर पट्टी चिकटवून वेळ लिहिली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

जवळ माझे थोरले दीर बसले होते. त्यांना खानापूरची शेवटची बस गाठायची होती आणि बाटली संपल्याशिवाय निघत नाही, असं मावशींना कबूल केलेलं. त्यांनी चाक पार वर सरकवलं. दहा मिनिटांनी शेजारच्या खाटेवरच्या बाई हाका मारायला लागल्या, "सिस्टर, लगून बर्री!" म्हणजे कन्नडमध्ये, लवकर या. येऊन बघते तर थेंब पडतात त्या चेंबरमध्ये थेंब नाहीच, दोऱ्यासारखी धार. मावशी मनगट धरून "हात पेटलाय गे" म्हणत होत्या. दीडशे मिली गेलं होतं, सव्वा तासाचं पाणी. चाक बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं, ईसीजी काढला. नशिबाने ठीक आला.

भावजी अजून प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात, "मीठपाणी तर होतं, केवढा आकांत केलास." नव्हतं ते मीठपाणी! पोटॅशियम भसाभस गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय थांबूही शकतं. म्हणून ते शिरेत थेट कधीच ढकलत नाहीत. आणि नुसतं मीठपाणी असलं तरी हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्याच्या फुप्फुसात पाणी साठतं. सोडियम फार उतरलेल्याचं घाईने वर आणलं तर मेंदूला इजा होते. तुम्ही चाक फिरवलंत तेव्हा त्या बाटलीत काय घातलंय, हे तुम्हाला माहीत होतं का? पट्टी वाचली होती का? भावजींनी वाचली नव्हती, आणि ते चांगले शिकलेले आहेत.

सलाईन हळू जातं त्याचं कारण पुष्कळदा दुमडलेला हात असतो, तो सरळ करा. सूज आली, दम लागला, शीर जळजळली, तर चाक बंद करून हाक मारायला हरकत नाही. उघडायचं काम आमचं. रात्री मी एकटी आणि अठरा खाटा असायच्या, यायला उशीर व्हायचा, हेही खरं आहे. तरी पुन्हा हाक मारा. त्या शेजारच्या बाईंनी तीनदा मारली होती.