जंतनाशक की जंतुनाशक?

प्रश्न असा आला आहे : ‘मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली, त्यात “जंतनाशक गोळी दिली जाईल” असं लिहिलंय. हे “जंतुनाशक” हवं ना? शिवाय आजी म्हणते जंत, डॉक्टर म्हणतात कृमी. मग जंतू कोण?’

चिठ्ठी बरोबर आहे. शुद्धलेखनाच्या उत्साहात तिथे उकार घातलात, तर मुलीला फिनेल पाजण्याची तयारी होईल! जंतुनाशक फरशीवर ओततात. पोटात जाते ती जंतनाशक गोळी. 10 फेब्रुवारीच्या मोहिमेचं सरकारी नावही ‘राष्ट्रीय जंतनाशक दिन’ असंच आहे.

दोन्ही शब्द एकाच घरातले. संस्कृत ‘जन्तु’ म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव, त्यात माणूससुद्धा आला. ‘जीवजंतू’ म्हणताना तो जुना अर्थ अजून डोकावतो. उकार गळून ‘जंत’ झाला तो पोटात वळवळणाऱ्यांपुरता उरला, आणि तत्सम ‘जंतू’ डोळ्यांना न दिसणाऱ्यांच्या वाट्याला गेला. (एकटा लिहिताना ‘जंतू’ दीर्घ, समासात ‘जंतुनाशक’ ऱ्हस्व. ‘जंत’ला ही कटकटच नाही.)

गंमत म्हणजे आपलं शरीरही हा उकाराचा भेद पाळतं. जंतू इतका लहान की पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. पण पोटातला गोल जंत चांगला वितीभर लांब असू शकतो, आणि पांढरी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. गिळणार कसं? म्हणून इथे डावपेच वेगळे. आतडं जास्त बुळबुळीत स्राव सोडतं, जोरात आकुंचन पावतं, म्हणजे जवळजवळ झाडून काढायला बघतं. रक्तात आयजीई ही प्रतिपिंडं वाढतात (शिंका आणणाऱ्या ॲलर्जीतही हीच असतात), आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी जंतांच्या अळ्यांना चिकटून त्यांच्यावर विषारी प्रथिनं ओततात. मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर ‘जंत झालेत का?’ विचारतात ते याच पेशी वाढलेल्या दिसल्या म्हणून. अर्थात त्या दम्यातही वाढतात. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा आपला शब्द मला यासाठीच थोडा तोकडा वाटतो. ‘शक्ती’ म्हटलं की ती एकच, कमी किंवा जास्त, असं वाटतं. खरं तर शत्रू बघून ती रीत बदलते. त्यातला ‘प्रतिकार’ एवढाच नेमका.

जंतही काही कमी नाहीत. ते हा प्रतिकार थंडावेल अशी द्रव्यं सोडतात आणि आतड्यात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. गोवर एकदा झाला की बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. जंतांचं तसं नाही. गोळीने पडले तरी मातीतली अंडी पोटात गेली की पुन्हा होतात. गोल जंतांचा भार सर्वाधिक सापडतो तो साधारण 5 ते 15 वर्षांच्या मुलांत.

आता ‘कृमी’. हा शब्द फार जुना. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातलं 23वं सूक्त कृमींवरच आहे आणि त्यात ‘या कुमाराचे’ कृमी मार, असं इंद्राला साकडं घातलंय. म्हणजे मुलांच्या जंतांची काळजी तेव्हाही होती. आयुर्वेदात वावडिंगाला ‘कृमिघ्न’ म्हणतात, आणि बाळाला वावडिंगाचं पाणी देणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेतच. पाठ्यपुस्तकातले अंकुशकृमी, पट्टकृमी याच शब्दावरून. तेव्हा ‘कृमिनाशक गोळी’ म्हटलंत तरी चालेल, फक्त ते जरा दवाखानी वाटतं.

फारसीत ‘कृमी’चा भाऊ ‘किर्म’. किड्यांपासून काढलेला लाल रंग तो किरमिजी. आणि इओसिनोफिल? इओसिन या लालसर रंगाने रंगतात म्हणून जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांनी 1879 मध्ये ओळखलेल्या पेशी. इओसिनमधली ‘इओस’ ही ग्रीकांची पहाटेची देवता, आपल्या उषेची सख्खी बहीण. किड्याच्या नावावरून एक लाल, त्याला मारणारीच्या नावात दुसरा.