ओल्ड निकोलचा वॉक पहिल्यांदा घेताना

लंडनमध्ये गाइड म्हणून लोकांना फिरवायचा तुझा हा पहिलाच वॉक, तेव्हा सांगतो. स्टेशनबाहेर उभं करून तारखा ऐकवू नकोस, त्या वाऱ्यात कोणाचं लक्ष नसतं. सगळ्यांना सरळ आर्नल्ड सर्कस या गोल चौकात ने. मधल्या टेकडीवर, बँडस्टँडपाशी चढून लोकांनी दम खाल्ला की मगच सांग: तुम्ही झोपडपट्टीवर उभे आहात. लंडन काउंटी कौन्सिलने 1890 च्या दशकात ओल्ड निकोल ही झोपडपट्टी पाडली, तिच्याच राडारोड्याची ही टेकडी. मग जरा गप्प बस. लोक आपोआप पायाखाली बघतात.

खाली सात रस्ते फुटतात. त्यांच्या कडेच्या पट्टेदार विटांच्या इमारती म्हणजे बाउंडरी इस्टेट, झोपडपट्टीच्या जागी कौन्सिलने बांधलेली वसाहत, उद्घाटन 1900 चं. इथे घाई नको. पाच हजारांहून जास्त माणसं उठवली, पण नवं भाडं परवडून परत आलेली बोटांवर मोजण्याइतकी. हे ऐकून आपल्याकडचा कोणीतरी मुंबईचं पुनर्वसन काढतोच. काढू दे, गप्पा रंगतात.

चार्ल्स बूथने त्या काळी लंडनच्या गरिबीचा रंगीत नकाशा काढला होता, त्याची प्रिंट मोठी काढ. माझी ए-फोर मागच्यांना दिसायचीच नाही. तळाच्या वर्गाला त्याने काळा रंग दिलाय, वर 'अर्धगुन्हेगार' असा शिक्का. तो रंग कोणी ठरवला, एवढंच विचार.

जॅक द रिपर या खुन्याचा विषय निघणारच. ते खून 1888 चे, मुख्यतः व्हाइटचॅपलकडचे. एका वाक्यात उरक.

आणि त्या इमारतींत आजही लोक राहतात. खिडक्यांकडे बोट दाखवू नकोस, आवाज खाली ठेव.