आईला रोहित (फ्लेमिंगो) दाखवायचे तर

आई जानेवारीत येतेय ना? मग ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातली बोट आधीच बुक कर. तारीख मात्र सुटी बघून नको, भरती बघून ठरव. ओहोटीला ठाणे खाडीत बोट घालायला पाणीच नसतं. आणि भरती पूर्ण चढली की बरेचसे रोहित नेरुळच्या पाणथळींकडे सरकतात, तेव्हा मधली वेळ गाठायची.

आईला चष्मा असेल तर दुर्बिणीचे रबरी कप खाली दुमडून दे. मी विसरलो होतो. बाबा अर्धा तास "हो हो, दिसले" म्हणत राहिले; घरी आल्यावर कळलं, काळ्या वर्तुळापलीकडे काही दिसलंच नव्हतं! रोहित लांब असले तर शेकाट्या दाखव. लांब गुलाबी पाय, नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो.

मासे दिवाळे कोळीवाड्यातून घे. भावाची घासाघीस आईवर सोड, तू पिशवी धर. जिताडा मिळाला तर सोडू नकोस, काट्यांचा त्रास कमी. बोंबील त्याच दिवशी तळायचे, फ्रिजमध्ये ठेवलेस की पाणी सुटतं. आणि हो, त्या दिवशी संकष्टी किंवा गुरुवार नाही ना, हे आधी विचार.