ड्राइव्हवाला घ्यायचा की बिनड्राइव्हचा?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून प्लेस्टेशन ५ हे गेम खेळायचं मशिन घेतेयस, आणि ड्राइव्हवाला, म्हणजे डिस्क घालायची सोय असलेला, महाग पडतो म्हणून बिनड्राइव्हचा चालेल का, असं मला विचारतेयस. पंधरा वर्षं व्हीसीडी-डीव्हीडी भाड्याने देऊन ज्याने संसार केला त्याला हे विचारणं म्हणजे टांगेवाल्याला रिक्षाचं विचारणं. तरी सांगतो.

आधी हे, की तबकडीच्या प्रेमापोटी पैसे घालवू नकोस. माझ्याकडे लोक लग्नाच्या कॅसेटी डीव्हीडीवर करून घ्यायचे. आता तेच लोक ती डीव्हीडी घेऊन येतात, "बघा ना, लागतच नाही." मी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघतो, चरा एकही नसतो. राइट केलेल्या डिस्कवर माहिती रंगाच्या थरात असते आणि तो रंग उन्हाने, दमटपणाने खराब होतो. सीडीचं आणखी उलटं. आपण जन्मभर खालची चकचकीत बाजू जपतो, आणि माहितीचा थर असतो वर, लेबलच्या लगेच खाली. एका जोडप्याला तर "आता कॅसेट काय कामाची, टाकून द्या" असं मीच सांगितलं होतं. डिस्क लागेना तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

गेमची छापील डिस्क त्या मानाने टिकते. पण तिचं काम बदललंय. आमचा पिक्चर डिस्कवरूनच चालायचा. आता गेम मशिनच्या स्टोरेजवर उतरतो, आणि डिस्क आत ठेवायची ती बसमध्ये पास दाखवल्यासारखी. २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ या आपल्या गेम-मशिनसोबत अशीही कार्डं आणली ज्यांत गेमच नाही, नुसती किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा. आणि यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर, ज्यांच्याशिवाय तो चालतच नाही, ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा डिस्कवाले आणि डाऊनलोडवाले एकदमच पायी झाले.

ड्राइव्हचा फायदा एवढाच, पण रोखीचा: चार-पाच हजारांचा गेम संपवून विकता येतो, मैत्रिणीला देता येतो. डाऊनलोड तुझ्या अकाउंटला चिकटलेला. वर्षाला तीन-चार मोठे गेम मन लावून खेळणार असशील तर ड्राइव्हवाला घे, जास्तीचे पैसे घेण्या-विकण्यात निघतील. नुसतं ऑनलाइन फुटबॉल खेळणार असशील तर बिनड्राइव्हचा. २०२३ नंतरच्या बारीक मॉडेलला ड्राइव्ह मागाहूनही बसवता येतो (तो जोडताना एकदा नेट लागतं, डिस्कच्या अभिमान्यांना हे सांगू नकोस). सुटा ड्राइव्ह इथे मिळतोय का, ते दुकानात आधी विचार.

आणि ऑनलाइन दुकानात 'बाय'चं (खरेदीचं) बटण दाबताना ध्यानात ठेव, तू वस्तू घेत नाहीयेस, वापरायची परवानगी घेतेयस. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल मालाला 'खरेदी' म्हणायचं नाही. कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येईल अशी फाइल मात्र त्यातून वगळलीय. माझ्या मते सगळी मेख त्या सवलतीत आहे.

कारण मी हे भोगलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून नाट्यसंगीत आणि अभंग घेतले होते, साधे एमपीथ्री. दुकान उठलं. चाळीसेक गाणी पेनड्राइव्हवर घेतली होती, ती अजून गाडीत वाजतात. बाकीची "कधीही उतरवू" म्हणून तिथेच ठेवलेली, ती गेली.

म्हणून कॉम्प्युटरवर खेळशील तेव्हा जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानात मिळतोय का ते आधी बघ. तिथे बिनकुलपाचा इन्स्टॉलर देतात, म्हणजे नेटशिवायही गेम बसवता येईल अशी फाइल. जो गेम जीव की प्राण आहे त्याचा इन्स्टॉलर दोन हार्ड डिस्कवर टाक, एक तुझ्या खोलीवर, एक आईकडे, आणि सहा महिन्यांनी चालवून बघ. सगळेच जपत बसू नकोस. माझ्या माळ्यावर चढलीस तर कळेल का ते.

ड्राइव्हवाला घेतलास तर रविवारी दुकानात ये. प्लेस्टेशन ४ च्या थोड्या डिस्क पडून आहेत, ५ वर चालतात. शोकेसमधली कव्हरं उचलू नकोस, ती रिकामी आहेत. चोरी होऊ नये म्हणून तबकड्या मागे नंबर घालून ठेवायचो. नंबरांची वही सापडली की फोन करतो.

तुझा
सीडीवाला काका