केमोतला ताप, सुजलेला पाय, हळदीच्या कॅप्सूल: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे एकाच गोष्टीचे आहेत, केमोनंतर येणारा ताप. गेल्या वेळीही तेच होतं, त्याच्या आधीही तेच. मी सांगली-मिरजेत कॅन्सरचे पेशंट बघते, जत, आटपाडी, माण, खटावकडून लोक पहाटेची एसटी धरून येतात, आणि गाठीवरचा उपचार छान लागू पडत असताना मधल्याच तापानं नाहीतर रक्ताच्या गुठळीनं माणूस हातचा गेला की फार त्रास होतो. म्हणून पुन्हा लिहायला बसले. नावं काढून टाकलीत.

प्रश्न: सासूबाईंची केमो चालू आहे. तीन वर्षांच्या नातवाला त्यांच्याजवळ झोपवलं तर चालेल का? कॅन्सर लागतो असं शेजारी म्हणतात.

कॅन्सर लागत नाही, खुशाल झोपू दे. पोराला सर्दी-खोकला असेल तेवढे दिवस लांब ठेवा, सासूबाईंना ते झेपणार नाही. आणि केमोनंतरचे दोन दिवस त्यांची उलटी किंवा लघवी पुसायची वेळ आली तर हातमोजे घाला.

प्रश्न: आईला, वय ५४, स्तनाच्या कॅन्सरची दुसरी केमो होऊन ९ दिवस झालेत. दोन दिवस रात्री कणकण येते, १००-१०१ ताप असतो, पॅरासिटामॉल दिली की उतरतो. पुढची तारीख १२ दिवसांनी आहे, तेव्हाच दाखवलं तर चालेल का?

नाही चालणार. तिकडं आत्ता ताप असेल तर आधी गाडी काढा, हे नंतर वाचा.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात कॅन्सरच्या पेशी येतात तशा हाडाच्या मगजात रोज तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही येतात. बहुतेक केमोंमध्ये साधारण ७ ते १४ व्या दिवसात या पेशी सगळ्यात खाली जातात. न्यूट्रोफिल नावाची त्यातली जी लढणारी पेशी, ती धडधाकट माणसात दीड हजाराच्या वर असते, या दिवसांत ती पाचशेच्याही खाली जाऊ शकते. आता गंमत नाही, नीट लक्ष द्या, कारण इथंच सगळे फसतात. पू होणं, बेडका पडणं, जखम लाल होणं हे सगळं याच पेशींमुळं दिसतं. पेशीच नाहीत तर आत केवढं इन्फेक्शन असलं तरी बाहेर काही दिसत नाही, दिसतो तो फक्त ताप. लोक म्हणतात डॉक्टर, तिनं बाहेरचं काही खाल्लं नाही, कुणाला भेटली नाही, मग इन्फेक्शन कुठून येणार? अहो, बऱ्याच वेळा जंतू स्वतःच्याच आतड्यातले असतात, केमोनं आतलं अस्तर सोललं की तिथून रक्तात शिरतात.

दोनेक वर्षांपूर्वी जत तालुक्यातली एक बाई आली होती. बरोबर तिचा मुलगा, हातात शाळेची दुरेघी वही. पोरानं इतकं मनापासून सगळं लिहिलेलं, रात्री ९ वाजता ९९.८, साडेअकराला १००.८, पुढं "गोळी दिली", मग दीड वाजता ९८.४ आणि त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. त्या दोन रेघा मला अजून दिसतात. ताप उतरला म्हणून घरातले सगळे निर्धास्त झोपले, सकाळी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावली, दुपारी परत ताप, परत गोळी, आणि माझ्याकडं आले तेव्हा हात-पाय गार, बीपी लागत नव्हतं, पेशी दोनशे. गोळीनं थर्मामीटर खाली आला होता, जंतू वाढतच होते. अकरा दिवस आयसीयूत काढून ती वाचली, सगळे वाचत नाहीत. त्या पोराची काही चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी तर म्हणते ते सांगणं आमचंच काम होतं.

तर सांगते. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा, हात लावून बघू नका. तोंडात १०१ एकदा जरी आला, किंवा १००.४ च्या वर तासभर राहिला, की निघायचं, रात्रीचे दोन का असेनात. गाडी नसेल तर १०८ ला फोन. ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल नको, आणि अंगदुखीच्या ब्रुफेनसारख्या गोळ्या तर अजिबात नकोत, प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. संडासच्या जागेतून एनिमा किंवा गोळी नको. दवाखान्यात पोचल्यावर केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका, पहिलंच वाक्य हे बोला: "केमोचा पेशंट आहे, आज नववा दिवस आहे, ताप आलाय." पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) पाठवून लगेच, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. केमोची फाईल दाराजवळ टांगून ठेवा म्हणजे रात्री कपाटं उचकावी लागत नाहीत.

आणि वयस्कर माणसांना, स्टिरॉइड चालू असणाऱ्यांना कधीकधी ताप येतच नाही. नुसती हुडहुडी भरते, ग्लानी येते, बोलणं अडखळतं, लघवी कमी होते. तेही तापाइतकंच गंभीर समजा.

तुमच्या आईला दोन दिवस ताप येतोय म्हणता. आजच सीबीसी आणि आजच तुमचे कॅन्सरचे डॉक्टर, ते नसतील तर जवळचं ॲडमिट करून घेणारं हॉस्पिटल.

प्रश्न: पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननं कंबर आणि मांड्या फार ठणकतात. त्याऐवजी किवी, ड्रॅगन फ्रूट, पपईच्या पानांचा रस दिला तर?

त्याऐवजी नाही. इंजेक्शन मगजाला कामाला लावतं म्हणून हाडं ठणकतात, दोन-चार दिवसांत कमी होतं, त्यावर कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. किवी आवडत असेल तर धुऊन, सोलून खा, पण त्यानं न्यूट्रोफिल वाढत नाहीत. पपईच्या पानांचं खूळ डेंग्यूवरून आलंय, केमोत कच्च्या पानांचा रस म्हणजे जंतू पोटात घालणं.

प्रश्न: साखर-गूळ पूर्ण बंद केला तर कॅन्सर उपाशी मरतो ना?

मरत नाही. पेशंट मात्र वाळतो. डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: आम्ही हळदीचेच शेतकरी. वडिलांना लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर आहे. करक्युमिनच्या (हळदीतल्या अर्काच्या) कॅप्सूल चार हजाराला तीन महिन्यांचा कोर्स असं एक जण घरी येऊन सांगून गेला. सुरू करू का? केमोच्या डॉक्टरांना कळवलं नाही तर चालेल?

सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे. भाजी-आमटीत घाला, रात्री दुधात चिमूटभर घाला, काही हरकत नाही. कॅप्सूल ही वेगळी वस्तू. करक्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही म्हणून कंपन्या त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, त्यानं शोषण वाढतं, आणि अशाच कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असेच पेशंट नोंदवलेत. तुमच्या वडिलांचं लिव्हर आधीच आजारी, त्यातून केमोचं औषध बाहेर पडायचं, त्यावर हा भार कशाला? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखी धोका.

आणि घरी येणाऱ्या त्या माणसाला सांगा की कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. दारात दुखणं बघून पैसे मागणाऱ्याची मला भयंकर चीड येते. चार हजारात वडिलांना रोज दोन अंडी आणि दूध कित्येक महिने होईल. जे काय देताय, काढा, भस्म, चूर्ण, ते डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावतो हे खरंय, तरी सांगा.

प्रश्न: बायकोला अंडाशयाचा कॅन्सर आहे. चार दिवस डावा पाय पोटरीपासून सुजलाय आणि दुखतो. आई रोज गरम तेलानं चोळते. केमोनं अशी सूज येते का?

चोळणं आत्ता थांबवा. दोन्ही पाय सारखे सुजले तर अशक्तपणा, प्रोटीन कमी होणं अशी बरीच कारणं असतात, पण एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला की पहिली शंका शिरेतल्या गुठळीची. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं, त्यात पेशंट पडून असतो, पाणी कमी पितो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. आजच पायाची कलर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा. गुठळी निघाली तर पोटाच्या कातडीत द्यायची इंजेक्शनं किंवा गोळ्या असतात, काही महिने घ्याव्या लागतात, मधेच सोडायच्या नाहीत. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर डॉपलरचीही वाट न बघता थेट इमर्जन्सी.

प्रश्न: गालाच्या कॅन्सरची रेडिएशन चालू आहे, तिसरा आठवडा. तोंडभर छाले, गिळवत नाही. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात, घरचे घाबरलेत. पूर्वी मावा खायचो.

नळी घाला. नळी म्हणजे शेवट असा आपल्याकडं समज आहे, पण ती सहा-सात आठवड्यांचा उपचार मधे न तुटता पुरा व्हावा म्हणून असते. रेडिएशन खंडित झालं की त्याचा परिणाम कमी होतो, वजन उतरलं की रेडिएशन देताना चेहरा जागेवर धरणारा मास्क सैल होतो. दर दोन-तीन तासांनी ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा, बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. तोंड उघडायचा व्यायाम आजपासून. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आज किती मावल्या ते लिहून ठेवायचं, आकडा घटला तर आम्हाला दाखवायचं. पुढं कितीही वर्षांनी दाढ दुखली तरी रेडिएशन झालंय हे सांगितल्याशिवाय काढू नका, तिथलं जबड्याचं हाड कुजू शकतं. मावा पूर्वी खायचात ते पूर्वीच राहू द्या, मिसरीसुद्धा नको.

प्रश्न: वडिलांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. सवय लागेल म्हणून आम्ही फारच दुखलं तरच देतो. बरोबर ना?

चूक. ठरलेल्या वेळेला घड्याळ लावून द्या, दुखायची वाट बघू नका. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार कमी दिसतं, आणि ही गोळी म्हणजे आता काही राहिलं नाही असाही अर्थ नाही. औषध मिळायला पूर्वी कायद्याचीच अडचण होती, १९८५ चा अंमली पदार्थ कायदा २०१४ मध्ये बदलून ती सोपी केली. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत हवंच. जास्त गुंगी आली, श्वास मंद वाटला, किंवा किडनीचा त्रास असेल तर लगेच कळवा. डोस स्वतः वाढवू नका, एकदम बंदही करू नका.

प्रश्न: काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडात गेलेला. पंधरा दिवस पाठ दुखते, रात्री जास्त, कालपासून पाय जड झालेत, जिना चढताना गुडघे मुडपतात. वात असेल म्हणून मालिश करणाऱ्याला बोलावलंय, सोमवारी येतो म्हणाला.

त्याला फोन करून येऊ नको म्हणा. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबतेय अशी दाट शंका आहे, आणि यात तासांचा हिशोब असतो. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुधा पुढंही चालतो, पाय पूर्ण गेल्यावर आलेला क्वचितच परत उभा राहतो. लघवी अडते का, तिथं खाली बधिर वाटतं का ते काकांना आत्ता विचारा, लाजू नका. मागच्या सीटवर आडवं झोपवून, खड्डे सांभाळत, एमआरआय आणि रेडिएशन दोन्ही जिथं आहे अशा ठिकाणी आज रात्रीच न्या आणि वाटेतूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा, स्टिरॉइड द्यायचं का ते तेच सांगतील.